सगळे फेडर खाली

आफ्रिकेतल्या बुरुंडी देशाच्या ढोलवादकांचा शो आमच्या हॉलमध्ये लागला, तेव्हा साउंडची जबाबदारी माझ्यावर आली. इंग्लंडमध्ये हेच काम करतो. त्याआधी पुण्यात पथकात ताशा वाजवायचो. त्यामुळे ढोलाचं आपल्याला कळतं, अशी जरा गुर्मी होती. नऊ ढोलांना नऊ माइक, वरून पाच टांगलेले. दुपारीच चोख तयारी.

म्होरक्या आला, मधल्या ढोलापुढच्या स्टँडवर हात ठेवून फ्रेंचमध्ये काहीतरी म्हणाला. बरोबरच्या पोराने अर्थ सांगितला, "हे काढा. इथे आम्ही उड्या मारतो." मी तेवढाच एक काढला.

ढोल मात्र वाकून नीट पाहिला. अख्खा ओंडका पोखरलेला, कुठे सांधा नाही. वर गाईचं कातडं, लाकडी खुंट्यांनी ताणलेलं. या खुंट्यांना किरुंडीत, म्हणजे तिथल्या भाषेत, 'स्तन' म्हणतात. ढोल म्हणजे 'इंगोमा', आणि राज्यालाही तोच शब्द. राजाचं राज्यारोहण, अंत्यविधी, ज्वारीच्या पेरणीचा सण, अशा खास प्रसंगीच तो वाजायचा. १९६६ साली राजेशाही गेली, ढोल राहिले. १९८२ साली इंग्लंडमधल्या पहिल्या वोमॅड या जागतिक संगीताच्या महोत्सवात ते वाजले, २०१४ मध्ये युनेस्कोच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत आले. आणि २०१७ मध्ये बुरुंडीच्या सरकारने बायकांना ढोल वाजवायला बंदी केली. खुंट्यांचं नाव काय, आणि नियम काय! आमच्या पथकात मुली कमरेला ढोल बांधून तास-तास वाजवायच्या.

शो सुरू झाला. मी साउंडच्या डेस्कवरून स्टेजकडे डोळे लावून बसलेलो, आणि आवाज आला पाठीमागून. मागच्या दारातून ते रांगेने येत होते, डोक्यावर ढोल, दोन्ही हातांत काठ्या, चालता चालता वाजवत. रिकाम्या स्टेजवरचे माझे तेरा माइक तोच आवाज उचलून क्षणभर उशिरा स्पीकरमधून परत फेकत होते. ठेक्याचा पार चिखल. मी दोन्ही तळव्यांनी डेस्कवरचे सगळे फेडर, म्हणजे माइकचा आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्ट्या, खाली ओढले.

ते स्टेजवर चढले, अर्धवर्तुळ केलं. काही ढोल एकच ठेका धरून बसतात, ते 'अमाशाक्वे'. बाकीचे, 'इबिशिकिसो', मधल्या ढोलाकडे, 'इन्किरान्या'कडे, बघून वळण घेतात. आमच्याकडे ताशा हात बदलतो आणि ढोल मागे येतात, तसंच हे. फक्त इथे मधला वादक गुडघे छातीला लागतील इतका उडतो, खाली येतो तो नेमका ठोक्यावर, आणि मग काठ्या दुसऱ्याच्या हाती देऊन रांगेत जातो.

फेडर वर घ्यायला बोट लावलं होतं. तसंच राहिलं.

विसाव्या मिनिटाला मॅनेजर धावत आला. कानाशी ओरडला, "मागून तक्रार आलीय, जरा कमी कर!" मी डेस्ककडे बोट दाखवलं.