चीर देण्यापूर्वीची साठ मिनिटे

आमच्या शल्यचिकित्सा विभागात नव्याने आलेल्या इन्टर्नना 'क्लिनिकल ऑडिट' म्हटले की कोणाची तरी चूक शोधून वर कळवायची, असेच वाटते. म्हणून मी आता व्याख्यानाने सुरुवात करत नाही. योग्य उपचार कोणता हे संशोधन शोधते आणि जो योग्य ठरला आहे तो आपल्या वॉर्डात खरोखर होतो का, हे ऑडिट पाहते, एवढेच सांगून मी तीस केसपेपर हातात ठेवतो.

गेल्या पावसाळ्यातला प्रश्न साधा होता: शस्त्रक्रियेआधीचे अँटिबायोटिक चीर देण्यापूर्वीच्या साठ मिनिटांत मिळाले का? सेफाझोलिनसारखे औषध चीर देताना ऊतींमध्ये पुरेसे असले तरच जखमेचा जंतुसंसर्ग टाळायला उपयोगी पडते. फार आधी दिले तर त्याची पातळी उतरते आणि नंतर दिले तर वेळ निघून गेलेली असते. (व्हॅन्कोमायसिन हे दुसरे अँटिबायोटिक संथ द्यावे लागते, म्हणून त्याला दोन तासांची मुभा असते, हा अपवाद आधी लिहून ठेवला नाही तर मोजताना वाद ठरलेला.) चीर दिल्याची वेळ भूलतज्ज्ञांच्या नोंदीत असते, इंजेक्शनची वेळ सिस्टरांच्या औषधतक्त्यावर. दोन्ही कागद शेजारी ठेवल्यावर दिसले की बऱ्याच तक्त्यांवर वेळेऐवजी नुसती बरोबरची खूण होती आणि एकावर तर फक्त 'सकाळी'.

हे काम करणारी इन्टर्न डिचोलीची होती. "सर, वॉर्डात निष्काळजीपणा आहे," असा निकाल तिने लगेच दिला. मी तो लिहू दिला नाही आणि दोन दिवस रुग्णाच्या ट्रॉलीबरोबर वॉर्डातून थिएटरपर्यंत जायला सांगितले. तेव्हा तिला दिसले की थिएटरमधून फोन येताच सिस्टर वॉर्डातच इंजेक्शन देतात, मग ट्रॉली लिफ्टपाशी अडकते, आधीची केस लांबते आणि ती साठ मिनिटे थिएटरच्या दाराबाहेरच संपतात. सिस्टर नेमून दिलेले काम चोख करत होत्या. नेमून देणारे आम्हीच होतो. इंजेक्शन थिएटरमध्ये, भूल देताना द्यायचे आणि मिनिटासकट वेळ लिहायची, असे ठरले. हा बदल तिनेच सिस्टरांसमोर मांडला, कोकणीत, आणि माझ्यापेक्षा बराच बरा मांडला.

पूर्वी मी हे असे करत नसे. आकडे इन्टर्न गोळा करत, अर्थ मी लावत असे आणि फेरतपासणी राहून जाई. बदलानंतर तेच मोजमाप पुन्हा केले नाही तर त्याला ऑडिट म्हणता येत नाही, हे मला ठाऊक होते. पण शल्यचिकित्सेची पाळी सहा आठवड्यांची, आणि फेरतपासणीची वेळ येईतो इन्टर्न प्रसूतिकक्षात पोचलेला असे. आता निकष, अपवाद आणि केसपेपर कसे निवडले ते एका वहीत लिहूनच पाळी सोडायची, असा नियम आहे.

बॉस्टनचे शल्यचिकित्सक अर्नेस्ट कॉडमन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रत्येक रुग्णाचे कार्ड ठेवून वर्षभरानंतर त्याचे काय झाले हे तपासायचा आग्रह धरला होता; सहकाऱ्यांना तो रुचला नाही आणि 1914 मध्ये त्यांनी आपल्या रुग्णालयाचा राजीनामा दिला. हे मी इन्टर्नना सांगतो, कारण केसपेपर मागायला गेल्यावर कपाळाला आठ्या पडलेल्या त्यांनाही दिसतात.

फेरतपासणी चवथीच्या आठवड्यात करू, असे पुढच्या इन्टर्नने सुचवले, कारण तेव्हा काम कमी असते. नेमके म्हणूनच ती तेव्हा नको, हे त्याला समजावताना मजा आली: ठरवून केलेल्या शस्त्रक्रिया त्या दिवसांत थोड्या, लिफ्ट मोकळी, आधीची केस लांबण्याचा प्रश्न नाही; आकडे सुधारले असते, पण श्रेय गणपतीचे. तपासणी चवथीनंतर झाली. वेळा लिहिलेल्या होत्या आणि बहुतेक साठ मिनिटांच्या आतल्या होत्या. मी वही मिटत होतो, तेवढ्यात त्याने विचारले, "सर, चार तासांहून लांबलेल्या केसला सेफाझोलिनचा दुसरा डोस मिळाला का, ते कुठे लिहितात?" आमच्या कागदावर त्यासाठी रकानाच नव्हता.