गाडीचे स्पीकर बदलताना डग्गा हरवला आणि सापडला

आवाज जरा वाढवला की पुढचे दोन्ही स्पीकर खरखरायचे. एक काढून पाहिला, तर कागदी कोनाच्या कडेचा फोम कुजून भुगा झालेला. दुरुस्तीचा विषयच संपला.

नवे घेताना खोक्यावरचा वॉटचा मोठा आकडा मी बाजूला ठेवला. तो क्षणभर सोसण्याचा असतो, बघायचा आरएमएस, म्हणजे सतत सोसता येणारी पॉवर. गाडीच्या मूळ स्टिरिओतून एका स्पीकरला साधारण १५ ते २० वॉटच मिळतात. वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लावायचा नव्हता, म्हणून सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच पॉवरमध्ये किती मोठा आवाज येतो ते) जास्त असलेले ६.५ इंची कोअ‍ॅक्सियल, म्हणजे मोठ्या कोनाच्या मधोमध छोटा ट्वीटर असलेले, घेतले. सेन्सिटिव्हिटी ३ डेसिबल जास्त असली की तेवढ्याच आवाजाला निम्मी पॉवर पुरते. जुन्यावर ४ ओहम (विजेला होणारा अडथळा) लिहिलं होतं, नवेही तेवढ्याचेच.

काच आधी पूर्ण खाली केली, मग बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवली. दाराच्या आतल्या हँडलच्या टोपणामागे लपलेला स्क्रू शोधायलाच खूप वेळ गेला. तो राहिला असता तर ओढताना पॅनल नक्की तडकला असता. नवा स्पीकर भोकात धरून पाहिला, तर मॅग्नेट काचेला टेकत होता. काच खाली असल्यामुळेच हे कळलं. स्पेसर रिंग, म्हणजे मध्ये बसवायची जाड कडी, लावून तो बाहेर घेतला.

दोन्ही दारं झाली, गाणं लावलं. गायकाचा आवाज स्वच्छ, पण डग्ग्याचा घुमारच नाही! मन खट्टू झालं. चूक माझीच होती. वायरीच्या रंगावरून प्लस-मायनस ठरवले होते आणि एका दारात ते उलटे लागले होते. एक कोन बाहेर येताना दुसरा आत जायचा, आणि खर्जाचे सूर एकमेकांना खाऊन टाकायचे. मग जुन्या स्पीकरला १.५ व्होल्टचा सेल क्षणभर टेकवला. कोन बाहेर उचलला गेला, म्हणजे सेलचा प्लस लागला ते टोक प्लस. त्यावरून वायर ओळखली आणि जोडणी पालटली.

दार पुन्हा उघडलंच होतं, म्हणून पत्र्यातली मोठी भोकं ब्युटाइल शीटने (चिकट रबरी पत्रकाने) बुजवली. तिथून स्पीकरच्या पाठचा आवाज पुढे येतो आणि खर्ज मारतो. तळाची पाणी निथळायची छिद्रं मात्र मोकळी ठेवली, आणि पॅनलमागचा प्लास्टिकचा कागद कडेने नीट चिकटवला, नाहीतर पाणी आत झिरपतं. माझ्या मते खरा फरक या शीटनेच पडला.

आता डग्गा दारातून नाही, समोरून ऐकू येतो. मागच्या दारांना मी हात लावलेला नाही.