देवळालीची हवा

हवापालटाला देवळालीला चाललोय म्हटलं की समोरचा पहिल्यांदा विचारतो, "तिथे बघायला आहे काय?" आमच्या सोसायटीत तर एकीनं मला लोणावळ्याच्या रिसॉर्टचा नंबरच पाठवून दिला. आधीच्या पिढीला हा प्रश्न पडला नसता. मुंबईतली पारशी, भाटिया, कच्छी, जैन कुटुंबं टायफॉइडमधून उठलेल्या माणसाला, बाळंतिणीला, नाहीतर मे महिन्याच्या सुट्टीत सगळ्या गोकुळाला घेऊन देवळालीला जायची आणि महिना-महिना राहायची. उंची जेमतेम 1,800 फूट, म्हणजे थंड हवेचं ठिकाण म्हणायलाही कमीच. पण हवा कोरडी, रात्री गार, आणि रेल्वे अगदी दारात. इंग्रजांची छावणी 1861 पासूनची. थळ घाटातून 1865 मध्ये गाडी सुरू झाली आणि मुंबईकराला घाटमाथा गाठणं सोपं झालं.

ह्यांना डिसेंबरात न्यूमोनिया झाला. बरे झाले, एक्स-रे साफ आला, पण दम काही परत येईना. मुलुंड स्टेशनचा पूल चढताना मध्ये थांबायचे आणि मी बघू नये म्हणून मोबाइल काढून उभे राहायचे. बाहेर मेट्रोचं काम, समोर इमारत पाडलेली, खिडकी उघडली की ओट्यावर धुळीचा थर. डॉक्टर म्हणाले, औषध संपलंय, आता जरा हवा बदला. आमच्या मजल्यावरच्या कच्छी भाभींनी त्यांच्या समाजाच्या ट्रस्टच्या देवळालीतल्या सॅनेटोरियमची चिठ्ठी मिळवून दिली आणि फेब्रुवारीत आम्ही दोघं निघालो. कसाऱ्याला गाडीला मागून जोर द्यायला बँकर इंजिनं लागली तेव्हा हे प्लॅटफॉर्मवर उतरून ती बघत उभे राहिले. घरात असतात तसेच गप्प होते, पण चेहरा वेगळा होता.

सॅनेटोरियम म्हटलं की लोकांना क्षयाचा दवाखाना आठवतो. देवळालीतली बरीचशी सॅनेटोरियम तशी नव्हेत. ती त्या त्या समाजाच्या ट्रस्टनी आपल्या माणसांसाठी बांधलेली हवापालटाची घरं आहेत. फाटकाशी मार्बलच्या तख्त्या, त्यावर गुजरातीत दात्यांची नावं आणि संवतातली सालं. मुलुंडमध्ये इतकी वर्षं काढल्यावर गुजराती अक्षरं लागतात, म्हणून मी सगळ्या वाचल्या. एक खोली आईच्या स्मरणार्थ, एक पंप आणि टाकी काकांच्या स्मरणार्थ, व्हरांड्यातला एक बाक एका मुलीच्या स्मरणार्थ. तिचं वय कोरलेलं नव्हतं. त्या बाकावर बसताना मी दर वेळी तख्तीवरची धूळ पदरानं पुसायचे.

तिथली व्यवस्था बघणाऱ्या मेहताजींनी चावी दिली आणि म्हणाले, "बेन, भांडी मोजून घ्या." दोन पातेली, तवा, पोळपाट-लाटणं, सांडशी, वाट्या, एक पितळी डबा. सगळ्यांवर ट्रस्टचं नाव घातलेलं. खोलीत दोन लोखंडी खाटा, मागे ओटा, त्यापलीकडे मोरी. कौलारू छप्पर इतकं उंच की पंख्याची दांडी पुरुषभर लांब.

मी नोकरीची सगळी वर्षं पालिकेच्या दवाखान्यांत प्रयोगशाळेत काढली, त्यातली बरीचशी थुंकीच्या स्लाइड तपासण्यात. कार्बोल फ्युक्सिन घालायचं, स्लाइड गरम करायची, आम्लानं धुवायची, वर मिथिलिन ब्लू. मग तेलाच्या भिंगाखाली शंभर फील्ड बघायची. निळ्या पार्श्वभूमीवर बारीक लाल काड्या दिसल्या की रजिस्टरात नोंद. त्यामुळे मी कुठल्याही खोलीत शिरले की आधी खिडक्या बघते. ह्या खोलीच्या समोरासमोरच्या भिंतींत खिडक्या होत्या. छताशी चिकटून आणखी लहान खिडक्या, दोरी ओढून उघडायच्या. खालून गार हवा आत येते, गरम हवा वरून निघून जाते. क्षयाचे जंतू हवेतून पसरतात, म्हणून आमच्याकडे 'खिडक्या उघड्या ठेवा' असे फलक लावावे लागायचे, तरी थंडीत कोणीतरी येऊन त्या लावायचंच. इथे बांधणाऱ्यानं फलकाची गरजच ठेवली नव्हती. मी दोरी ओढली. एक खिडकी उघडली, दुसरी बिजागरीतून निखळली होती, तिला पुठ्ठा ठोकलेला.

असंच सगळीकडे. अर्ध्या खोल्यांना कुलपं, कौलं घसरलेली, भिंतींना लोणा लागलेला. भोजनशाळा बंद, तिच्या ओट्यावर मोडक्या खुर्च्या रचलेल्या. झोपाळ्याचा सांगाडा उभा आहे, कड्या आहेत, फळी नाही. मेहताजी म्हणाले की पूर्वी मे महिन्यासाठी दिवाळीपासून चिठ्ठ्या यायच्या. आता तरुण मंडळींना एसी आणि स्विमिंग पूल लागतो.

हे असं का झालं ह्याचा एक धागा माझ्या कामापर्यंत येतो. जर्मन डॉक्टर रॉबर्ट कॉखनं 24 मार्च 1882 रोजी क्षयाचा जंतू जाहीर केला, पण त्यावरचं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, हाती लागायला 1943 उजाडलं. मधली साठ वर्षं डॉक्टरांच्या हातात स्वच्छ हवा, ऊन, दूध-अंडी आणि विश्रांती ह्यापलीकडे फारसं काही नव्हतं. पाचगणीचं बेल-एअर सॅनेटोरियम 1912 चं, ते ह्याच विचारातून उभं राहिलं. मग मद्रासच्या संशोधन केंद्रात 1956 पासून तपासणी झाली. काही रुग्ण सॅनेटोरियममध्ये, चांगलं खाणंपिणं आणि पूर्ण आराम. काही आपापल्या दाटीवाटीच्या घरांत. दोघांनाही औषधं सारखीच. 1959 मध्ये निष्कर्ष आला की घरी राहिलेलेही जवळजवळ तितकेच बरे होतात, आणि घरच्यांना लागण जास्त होते असंही नाही. भारतातल्या लाखो गरिबांचे जीव ह्या निष्कर्षानं वाचवले. मी त्याच्याच आधारावर पगार घेतला, आणि तो निष्कर्ष योग्यच होता असं आजही म्हणेन.

पण त्याच्याबरोबर आजारातून उठलेल्या माणसाला हळूहळू उभं राहायला जागा लागते, हा विचारही आम्ही टाकून दिला, आणि तो टाकायला नको होता. आता दवाखान्यातून घरी सोडतात आणि सोमवारी माणूस लोकलच्या दारात लटकलेला असतो. हवापालट उरला तो पैसेवाल्यांना, एका रात्रीचे हजारो रुपये मोजून, आणि तिथे सकाळी अकराला खोली खाली करायची असते. ह्या ट्रस्टनी आपल्या समाजातल्या कारकुनाला, दुकानातल्या गुमास्त्याला नाममात्र भाड्यात ओटा आणि भांडी देऊन महिनाभर राहायची सोय केली होती. तेवढं शहाणपण आजच्या कुठल्याच योजनेत मला दिसत नाही.

आमचे दिवस कसे गेले ते सांगण्यासारखं थोडंच आहे. सकाळी लॅम रोडनं चालायचं, जुन्या झाडांच्या सावलीतून. येताना भाजीवालीकडून ओल्या हरभऱ्याची जुडी आणि द्राक्षं. व्हरांड्यात बसून सोलाणे सोलायचे, त्याची आमटी, गरम भाकरी. दुपारी झोप. मधूनच बहुल्याच्या बाजूनं तोफांचा आवाज येई आणि तावदानं थरथरत. तिकडे सैन्याचं सराव क्षेत्र आहे. तोफखान्याची शाळा आधी आताच्या पाकिस्तानातल्या काकुलला होती, ती नंतर देवळालीत आली. पहिल्या आवाजाला मी दचकले, हे म्हणाले, "अगं, तोफ आहे," आणि पुन्हा झोपले. एकदा रिक्षानं भगूरला जाऊन सावरकरांचा वाडा पाहून आलो.

टेकडीवरच्या खंडोबाला जायचं ह्यांनीच काढलं. मी पाण्याची बाटली आणि ऑक्सिमीटर दोन्ही पिशवीत घातलं. पायऱ्या चढताना हे थांबले, पण ह्या वेळी मोबाइल काढला नाही. सरळ पायरीवर बसले आणि म्हणाले, "बस जरा, घाई कसली आहे?" मी शेजारी बसले. बोट पुढे करा म्हटलं तर नको म्हणाले. मग उठलो, पुन्हा बसलो, आणि वर पोचलो. भंडारा कपाळाला लावून घेताना ते हसले. लग्नानंतर जेजुरीला गेलो होतो तेव्हा ह्यांनी मला पाच पायऱ्या उचलून नेलं होतं. तेच आठवलं असणार, मीही विचारलं नाही.

छावणीत बांधकामाला कडक नियम आहेत, म्हणून बैठी घरं आणि झाडं अजून टिकून आहेत. नाशिकरोडच्या दिशेनं हद्द ओलांडली की लगेच मोठ्या इमारती सुरू होतात. छावण्यांमधला नागरी भाग शेजारच्या पालिकांना जोडायचं धोरण आलंय. 2023 मध्ये हिमाचलातल्या योलपासून सुरुवात झाली आणि देवळालीचंही बोलणं चालू आहे. तिथल्या रहिवाशांना घराची डागडुजी करायलाही परवानगीच्या खेपा घालाव्या लागतात, त्यांची बाजू मला पटते. तरी ही सॅनेटोरियमची आवारं बिल्डरच्या हाती जाण्याआधी ट्रस्टनी ती सगळ्यांसाठी खुली करावीत असं मला फार वाटतं. थोडं भाडं वाढवा, कौलं शाकारा, आणि डॉक्टरची चिठ्ठी आणणाऱ्याला जात न विचारता खोली द्या. मेहताजींजवळ मी हे लिहून दिलं आहे, नाव-पत्त्यासकट.

ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी: काही ठिकाणी समाजाची चिठ्ठी लागते, काही ठिकाणी आता कोणालाही खोली मिळते, आधी फोन करून विचारा. चादरी, उश्यांचे अभ्रे आणि डासांची जाळी घरून न्या. फेब्रुवारीतही रात्री स्वेटर लागतो. आणि वरच्या खिडकीची दोरी तपासूनच खोली पसंत करा.