वॉशिंग्टनचा शपथविधी: जांभळे तिकीट घेऊन बोगद्यात काढलेली सकाळ

मंगळवार, २० जानेवारी २००९ रोजी बराक ओबामा यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली, तेव्हा माझ्या कोटाच्या खिशात त्या सोहळ्याचे अधिकृत तिकीट होते आणि मी कॅपिटलच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, इमारतीपासून काही मिनिटांच्या अंतरावर उभी होते. तरीही सोहळ्यातले मला काहीही दिसले नाही. माझे यजमान आणि धाकटे दीर यांच्याजवळ तिकीट नव्हते. ते मैल-सव्वा मैल लांब, वॉशिंग्टन मॉन्युमेंट या उंच स्मारकस्तंभाच्या उतारावर उभे राहिले आणि त्यांना भल्या मोठ्या पडद्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे दिसले. पुढच्या खेपेला ज्यांना जायचे असेल त्यांनी हा फरक नीट समजून घ्यावा, एवढ्यासाठीच हे सविस्तर लिहीत आहे.

आमची तयारी निवडणुकीच्या दुसऱ्या दिवशीच सुरू झाली. शपथविधीची तिकिटे विकली जात नाहीत. ती काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, सदस्यांच्या कार्यालयांतून मतदारसंघातील लोकांना फुकट दिली जातात. माझ्या अकरावीतल्या मुलीने आमच्या सदस्यांच्या कार्यालयाला नोव्हेंबरमध्ये पत्र लिहिले होते. जानेवारीच्या सुरुवातीला फोन आला आणि दोन तिकिटे मिळणार असल्याचे कळले. ती आदल्या दिवशी, म्हणजे सोमवारी, वॉशिंग्टनला जाऊन ओळखपत्र दाखवून स्वतः घ्यायची होती. न्यू जर्सीतल्या एडिसनहून आम्ही चौघे त्यासाठी रविवारीच निघालो. सोमवारी कार्यालयाबाहेर दोन तास रांगेत उभे राहावे लागले, पण त्याबद्दल माझी तक्रार नाही. जाड कागदाची, जांभळ्या पट्ट्याची ती दोन तिकिटे आणि सोबतचा नकाशा हातात आला तेव्हा मुलीचे डोळे भरून आले होते.

राहण्याच्या बाबतीत मात्र आमची सरळसरळ लूट झाली. मेट्रोच्या रेड लाइनच्या शेवटच्या, शेडी ग्रोव्ह स्थानकाजवळच्या एका मोटेलने एरवी ७० डॉलरला मिळणाऱ्या खोलीचे २९० डॉलर घेतले, तेही तीन रात्रींच्या सक्तीने आणि सगळे पैसे आगाऊ भरून. सकाळचा नाश्ता दरात धरलेला होता, पण तो सहा वाजता सुरू होणार होता आणि आम्हाला साडेतीनला निघायचे होते. अशा खोलीसाठी एवढे पैसे अजिबात देऊ नका. मेरीलँड किंवा व्हर्जिनियात मराठी मंडळातले कोणी ओळखीचे असेल तर संकोच न करता विचारा. त्या तीन रात्री लोकांनी आपल्या बैठकीच्या खोलीत सात-आठ माणसांना झोपवले होते. फक्त एक लक्षात ठेवा. व्हर्जिनियातून पोटोमॅक नदी ओलांडणारे पूल त्या दिवशी खासगी गाड्यांना बंद होते, त्यामुळे मेट्रो स्थानकापर्यंत पायी जाता येईल असेच घर निवडा.

मेट्रो त्या दिवशी पहाटे चारला सुरू झाली. आम्ही पावणेचारला फलाटावर होतो आणि पहिल्या गाडीत कशाबशा चढलो. पाचच्या आधीच मी आणि मुलगी जुडिशियरी स्क्वेअरला उतरलो. तिकिटावर प्रवेशद्वारे आठला उघडतील असे छापले होते, म्हणजे आमच्या हिशेबाने तीन तास हातात होते आणि आमच्यासारखा लवकर पोहोचलेला माणूस मागे राहणे शक्यच नव्हते.

येथून पुढचा भाग मी मुद्दाम बारकाईने लिहिते.

जांभळ्या तिकिटाचे प्रवेशद्वार कॅपिटलच्या उत्तरेच्या बाजूला होते. तिकडे जाणाऱ्या रस्त्यावर बंदोबस्ताच्या एका माणसाने आमची तिकिटे पाहिली आणि थर्ड स्ट्रीटच्या बोगद्याकडे हात केला. हा एरवी महामार्गाचा बोगदा आहे. तो नॅशनल मॉलच्या, म्हणजे कॅपिटलसमोरच्या लांबलचक मोकळ्या मैदानाच्या, खालून, कॅपिटलसमोरच्या तळ्याच्याही खालून दक्षिणेकडे जातो. त्या दिवशी तो वाहनांना बंद होता. आत शिरलो तर डाव्या हाताला माणसांची रांग लागलेली दिसली. तिचे शेवटचे टोक शोधत आम्ही चालू लागलो आणि चालतच राहिलो. पिवळ्या दिव्यांच्या उजेडात ब्लँकेटे गुंडाळून बसलेली माणसे, भिंतीला टेकून झोपलेली मुले, हातातले जांभळे तिकीट जपून धरलेल्या आज्या, सगळे ओलांडून शेवट सापडला तो बोगद्याच्या जवळजवळ दक्षिणेच्या तोंडाशी. सहा वाजत आले होते. ज्या प्रवेशद्वारातून आत जायचे ते उत्तरेला आणि आम्ही उभ्या होतो दक्षिणेला, हे माझ्या लक्षात आले होते. त्याच क्षणी रांग सोडून बाहेर पडायला हवे होते. हजारो माणसे शांतपणे उभी असताना ती सगळीच चुकीच्या जागी उभी आहेत, हे मन मानत नाही.

त्या बोगद्यात आम्ही पाच तासांहून अधिक काळ काढला. एवढ्या वेळात बंदोबस्ताचा एकही माणूस फिरकला नाही, एकही फलक नव्हता, ध्वनिक्षेपक नव्हता, स्वच्छतागृह नव्हते. मोबाइलला सिग्नल मिळत नव्हता, म्हणून बाहेर काय चालले आहे हे विचारायचीही सोय नव्हती. आठनंतर रांग दोनदा हलली, प्रत्येक वेळी शंभर-दीडशे पावले. तेवढ्यावरून लोकांना वाटले की दार उघडले. मग तास-तास काहीच नाही. उभे राहिल्यावर थंडी हवेतून येत नाही, ती डांबरातून तळपायात चढते आणि गुडघ्यापर्यंत येऊन थांबते. तुमच्याकडे लोकरीचे मोजे आणि चांगला कोट असणारच, त्याबद्दल मी काही सांगत नाही. पण पायाखाली घालायला पुठ्ठ्याचा एक जाड तुकडा घडी करून न्या. शेजारच्या कुटुंबाने तो आणला होता आणि त्यांची मुले शेवटपर्यंत उभी राहू शकली.

माझ्यापुढे अलाबामाहून रात्रभर बसप्रवास करून आलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या एक कृष्णवर्णीय बाई होत्या. त्यांचा मुलगा त्यांना दोन्ही दंडांना धरून थोड्या थोड्या वेळाने चार पावले चालवत होता. संक्रांत होऊन सहाच दिवस झाले होते आणि माझ्या पर्समध्ये तिळाच्या लाडवांचा छोटा डबा होता. त्यांना एक दिला तेव्हा त्यांनी हातमोजा काढला, लाडू बोटांनी हळूच दाबून पाहिला, वास घेतला आणि अर्धा मोडून मुलाला दिला. ‘तुम्हाला आत जाता येईल ना?’ असे त्यांनी मला दोन-तीन वेळा विचारले. दर वेळी मी होय म्हणाले, आणि मला ते खरेच वाटत होते.

साडेदहाच्या सुमारास रांग मोडली. कोणी मोडली ते कळले नाही, पण मागची माणसे पुढे चालू लागली आणि आम्हीही चाललो. उत्तरेच्या तोंडातून वर आलो तेव्हा समोर रांग नव्हतीच, एका बंद दाराकडे सगळ्या बाजूंनी दाटलेली गर्दी होती. जे साडेआठला तरंगत येऊन थेट त्या गर्दीत शिरले त्यांच्यातले काही आत गेले होते आणि जे पहाटे पाचला रांगेत लागले ते बाहेर राहिले, हा अन्याय मला अजून सहन होत नाही. लोक हात उंच करून जांभळी तिकिटे दाखवत होते, ‘आम्हाला आत घ्या’ असे एका सुरात म्हणत होते, पण कोणी कोणाला ढकलले नाही, कोणी कुंपणावर चढले नाही. वाईट व्यवस्था एवढ्या समंजस माणसांच्या वाट्याला यायला नको होती. पावणेबाराच्या सुमारास दार उघडणार नाही, हे सगळ्यांना उमगले.

शपथ आम्ही ऐकली ती एका अनोळखी माणसाच्या बॅटरीवरच्या छोट्या रेडिओवर, पंधरा-वीस जणांनी डोकी एकत्र करून. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांच्याकडून शब्दांचा क्रम चुकला आणि म्हणून दुसऱ्या दिवशी व्हाइट हाउसमध्ये शपथ पुन्हा घ्यावी लागली, हे नंतर वाचले. तेव्हा तो अडखळणारा आवाजही आम्हाला पुरेसा होता. मग तोफांची सलामी झाली. तिचा दणका मात्र रेडिओतून नव्हे, इमारतींच्या पलीकडून खरोखरच आला आणि छातीत जाणवला. अलाबामाच्या बाई मुलाच्या खांद्यावर डोके ठेवून उभ्या होत्या. भाषणात हा देश ख्रिस्ती, मुस्लिम, ज्यू, हिंदू आणि कोणताच धर्म न मानणाऱ्यांचा आहे, असे वाक्य आले तेव्हा मुलीने माझा हात घट्ट धरला. एकच्या सुमारास जॉर्ज बुश यांना घेऊन जाणारे हेलिकॉप्टर कॅपिटलवरून वर चढले आणि सगळ्यांच्या माना एकदम वर गेल्या. त्या दिवसात मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली सोहळ्यातली तेवढी एकच गोष्ट.

आता यजमानांची हकिगत. ते आणि दीर सहाला मोटेलमधून निघाले, फॅरागट नॉर्थला उतरले, तिथून चालत साडेआठपर्यंत मॉन्युमेंटच्या उतारावर पोहोचले. फोर्थ स्ट्रीटच्या पश्चिमेला संपूर्ण मॉल त्या दिवशी सर्वांना खुला होता, तिकीट लागत नव्हते. गायिका अरिथा फ्रँकलिन यांच्या टोपीवरचा मोठा राखाडी बो, इट्झाक पर्लमन आणि यो-यो मा यांचे वादन, पंधरा-सोळा लाखांहून अधिक माणसांचा एकदम उठलेला आवाज, हे सगळे त्यांनी आम्हाला रात्री सांगितले. पाय गारठल्यावर ते संग्रहालयात जाऊनही आले, कारण मॉलवरची स्मिथसोनियन संग्रहालये उघडी ठेवली होती. आम्हाला हवे ते सगळे त्यांना मिळाले होते आणि त्यांनी कोणापुढे अर्ज केलेला नव्हता.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. बसण्याची तिकिटे मिळत असतील तर जरूर घ्या. उभे राहण्याची तिकिटे कोणत्याही रंगाची असली तरी तिकडे फिरकू नका. आमच्यासारखेच निळ्या तिकिटांचेही हजारो लोक बाहेर राहिले. तिकीट आठवण म्हणून घरी ठेवा आणि विनातिकीट मॉलवर जा. एवढे सांगूनही तिकिटानेच जायचे असेल तर रांगेवर विश्वास ठेवू नका. घरून निघण्यापूर्वी नकाशावर प्रवेशद्वाराचा नेमका चौक पाहून ठेवा, थेट तिथे जा, आणि कोणी तुम्हाला दारापासून दूर नेणाऱ्या रस्त्याकडे वळवू लागला तर दार डोळ्यांना दिसेल अशाच जागी उभे राहा. जमिनीखाली जाऊ नका. छोटा रेडिओ न्या. तिकिटाच्या भागात पाठीवरची पिशवी, छत्री, थर्मास, घडीची खुर्ची आणि बाबागाडी चालत नाही, म्हणून खाणे खिशात मावेल एवढेच ठेवा. हात उबदार ठेवणाऱ्या पुड्या घरूनच घ्या. स्थानकाबाहेर त्यांची एक जोडी पाच डॉलरला विकत होते.

रविवारी लिंकन मेमोरियलसमोर झालेला संगीताचा कार्यक्रम सुंदर झाला, तिथे काही अडचण आली नाही. दुपारच्या मिरवणुकीसाठी पेन्सिल्व्हेनिया ॲव्हेन्यूवर थांबायची ताकद आमच्यात उरली नव्हती. ती भोजनसमारंभात सिनेटर टेड केनेडी यांची प्रकृती बिघडल्यामुळे उशिरा निघाली आणि अंधार पडल्यावरही चालू होती, असे मोटेलच्या टीव्हीवर पाहिले. परत निघताना दोन ते चार या वेळेत मेट्रोकडे जाऊ नका. आम्ही स्थानकाच्या बाहेरच दीड तास थांबलो, आणि संग्रहालयात थांबून पाचनंतर निघालेले यजमान आमच्यानंतर अर्ध्या तासात मोटेलवर होते.

आयोजकांनी नंतर दिलगिरी व्यक्त केली आणि बाहेर राहिलेल्यांना निमंत्रणपत्रिका, कार्यक्रमपत्रिका आणि छायाचित्रे पाठवण्याचे कळवले. लोक नंतर त्या जागेला ‘पर्पल टनेल ऑफ डूम’ (विनाशाचा जांभळा बोगदा) म्हणू लागले. छायाचित्र आले तर मुलगी ते भिंतीवर लावणार आहे. माझी मागणी वेगळी आहे: रांगेत दर शंभर पावलांवर एक माहीतगार माणूस उभा करावा, एवढेच. त्याला पैसेही फार लागत नाहीत.

त्यानंतरचा शपथविधी २०१३ साली झाला. त्या वर्षी २० जानेवारीला रविवार आला, आणि रविवार आला की सार्वजनिक सोहळा सोमवारी ठेवण्याची प्रथा आहे. तो सोमवार, २१ जानेवारी, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या सुटीचाही दिवस होता. राहण्याची सोय निवडणुकीच्या निकालाची वाट न पाहता त्या वर्षीच्या उन्हाळ्यातच करून ठेवा, आणि रद्द केल्यास पैसे परत मिळतील असे लेखी घ्या.