कुलाब्याच्या तटावर

आज ओहोटी गाठून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चालत जाऊन आलो. सिद्धिविनायकाचं दर्शन घेतलं आणि तटावर बराच वेळ बसलो. डोक्यात फक्त मराठ्यांचे आरमारप्रमुख कान्होजी आंग्रे आणि त्यांचं आरमार.

काय धाक असेल त्यांचा! इंग्रजांची जहाजं मोठी, पण तोफा बहुतेक दोन्ही बाजूंना. कान्होजींची माणसं म्हणून पिछाडीवर जायची. वारा पडला की गलबतं, म्हणजे लहान चपळ जहाजं, वल्ही मारत गुराबांना, म्हणजे तोफा असलेल्या मोठ्या लढाऊ जहाजांना, दोराने ओढून आणायची. गुराबांच्या नाळेवरच्या, म्हणजे पुढच्या टोकावरच्या, तोफा शिडं-डोलकाठ्या फोडायच्या, आणि मग गलबतांतली माणसं तलवारी घेऊन थेट शत्रूच्या जहाजावर चढायची. ही माणसं कोण? आपले कोळी, भंडारी, याच किनाऱ्यावरचे. भरती-ओहोटी त्यांच्या रक्तातच होती.

१७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन याच किल्ल्यावर चालून आले. हात हलवत परत गेले!

कान्होजी १७२९ मध्ये गेले. पुढे १७५६ साली विजयदुर्गावर त्यांचे पुत्र तुळाजी आंग्रे यांचं आरमार इंग्रजांनी जाळलं, आणि त्या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते. कितीही वेळा वाचलं तरी हे मला पचत नाही.

अलिबागला गेलात तर गावातली कान्होजींची समाधी चुकवू नका.