तुम्ही विचारलंत म्हणून : ‘इंजिन बदलत का नाहीस?’

गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाची वाटी हातात धरून विचारता, वाढदिवसाच्या फोनवर विचारता. माझा मेहुणा तर पुण्याहून व्हिडिओ कॉल लावतो तो यासाठीच की काय, असं वाटायला लागलंय. प्रश्न ठरलेला: एवढा पैसा आणि एवढे शनिवार-रविवार त्या १९७०च्या शेव्हरले शेव्हेल गाडीत घालतोस, तर एकदा दणदणीत नवं इंजिन टाक की! कारखान्यातून निघाली तशीच ठेवून कसली शर्यत लावतोस? आणि मागोमाग शेपूट: आमची टेस्ला तिला हरवेल.

हरवेल. आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे तेवढा विषय तरी मिटेल. आमची शर्यत सरळ पट्ट्यावर पाव मैलाची. टेस्लाची मॉडेल एस प्लेड तो सव्वानऊ सेकंदांच्या आसपास कापते, माझी गाडी साडेतेरा घेते. अहो, २०२३च्या डॉज डीमन १७०चा तर कंपनीनेच आकडा दिलाय, ८.९१ सेकंद, आणि तीही शोरूममधून नंबरप्लेट लावून निघायची. वेगच विकत घ्यायचा असेल तर तो आता दुकानात मिळतो. मला त्याचं काय करायचंय?

आमच्या वर्गाचा नियम ऐकायला सोपा आहे. साठ-सत्तरच्या दशकातली अमेरिकन मसल कार, म्हणजे साध्या गाडीत दांडगं इंजिन, आणि ती जशी विकली गेली तशी. इंजिनाचा धूर बाहेर नेणारे मॅनिफोल्ड बिडाचेच, कार्ब्युरेटर मूळचा, सायलेन्सर जागच्या जागी, व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट कारखान्याच्या मापाचा, टायर मूळ आकाराचे. एनएचआरए या अमेरिकेतल्या मोठ्या शर्यत-संघटनेच्या ‘स्टॉक’ वर्गातसुद्धा रुंद, गुळगुळीत स्लिक टायर आणि मॅनिफोल्डऐवजी मोकळे हेडर पाइप चालतात, इथे नाही. मिशिगनमध्ये स्टँटनच्या ट्रॅकवर प्युअर स्टॉकवाल्यांची, म्हणजे निव्वळ मूळ गाड्यांची शर्यत १९९०च्या दशकापासून भरते. आधी सगळ्यांचे वेळ घेतात, मग जवळच्या वेळांच्या जोड्या लावतात, आणि जोडीजोडीत तीनपैकी दोन जिंकायच्या. कुणाला सूट नाही, हँडिकॅप नाही. आमचा छोटा क्लब तोच कित्ता गिरवतो.

आता त्या टायरबद्दल बोलू, कारण त्याबद्दल कुणीच विचारत नाही. १४ इंची रिमवरचे, जुन्या पद्धतीचे, अरुंद. मागे साडेतीनशे हॉर्सपॉवर आणि खाली हे. ओल्या शेणावरून सायकल काढायची तसं आहे ते. पिवळा दिवा लागला की पाय दाबायचा नसतो, नुसता ठेवायचा असतो. गाडी हलली की अर्धा इंच, टायरचा आवाज बदलला की आणखी थोडा. पहिल्या साठ फुटांत मी दोन दशांश सेकंद घालवले, तर पुढच्या साऱ्या पट्ट्यावर ते परत मिळत नाहीत. सहा वर्षांत हे मला नीट जमलं असं आठ-दहा वेळाच झालं असेल.

मी असाच होतो म्हणून मुद्दाम सांगतो: २००९ साली डेट्रॉइटजवळ नोकरीला आलो तेव्हा या मंडळींना मी हसायचो. म्हातारे लोक, म्हाताऱ्या गाड्या, आणि पावत्यांच्या फायली. त्या वेळच्या मला आज गप्प करावं असं वाटतं, पण त्याचा एक मुद्दा मला अजून खोडता आलेला नाही. तो म्हणायचा, ‘मूळची’ म्हणजे नक्की काय? ब्लॉक घासलेला, पिस्टन नवे, टायर नव्याने ओतलेले. आणि कारखाना तरी कुठला हरिश्चंद्र? माझ्या गाडीवर ३९६ असा बिल्ला आहे, म्हणजे इतके घन इंच. प्रत्यक्षात १९७०च्या त्या इंजिनात ४०२ घन इंच आहेत. शेव्हरलेने बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, वाढवला आणि खपणारं नाव तसंच ठेवलं. फोर्डने १९६८मध्ये ४२८ कोब्रा जेटची ताकद कागदावर ३३५ हॉर्सपॉवर लिहिली, आणि ती कमी करून लिहिलीय हे साऱ्या ट्रॅकला माहीत होतं. (पाव मैल म्हणजेही ४०२ मीटर. याला काही अर्थ नाही, पण मला आवडतं.)

हे सगळं मी पुढे जे सांगणार आहे त्याची ढाल म्हणून सांगतोय, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

पाच वर्षांपूर्वी माझ्या कॅमशाफ्टचा एक लोब, म्हणजे व्हॉल्व्ह उचलणारा उंचवटा, झिजून सपाट झाला. जुन्या पद्धतीच्या कॅमना हे होतं, आजच्या ऑइलमध्ये जस्त कमी असतं. इंजिन एका माणसाकडे दिलं. त्याचा फोन आला. म्हणाला, मूळ मापाचा घालू, की व्हॉल्व्ह जास्त उचलणारा, किंचित बरा? आत कोण बघतंय? मी म्हणालो, “तुम्हाला जास्त कळतं.”

एवढंच म्हणालो. ‘हो’ म्हटलं नाही.

गाडी घरी आली तेव्हा बंपरला हात लावूनच कळलं. उभ्या गाडीची धडधड बदलली होती, थोडी लंगडत होती. इंजिन हवा किती ओढतं ते दाखवणाऱ्या व्हॅक्यूम गेजचा काटा पूर्वी १७वर थांबायचा, तो साडेचौदावर थरथरत होता. मी स्वतःला सांगितलं, नवं काम आहे, बसेल हळूहळू. आता खरी गोष्ट. माझ्या वडिलांचं भोसरीला लेथचं वर्कशॉप होतं. मी निघताना त्यांनी त्यांचा एक इंच चालीचा डायल गेज, म्हणजे काट्याचं मापयंत्र, मोज्यात गुंडाळून माझ्या बॅगेत घातला होता. तो गॅरेजच्या ड्रॉवरमध्ये होता. व्हॉल्व्ह कव्हर काढून व्हॉल्व्ह किती उचलला जातो ते मोजायला अर्धा तास लागला असता. सात आठवडे मी तो ड्रॉवर पान्यासाठी उघडला आणि मिटला.

सप्टेंबरमध्ये गाडी १३.२२ला गेली. तोवर माझा सगळ्यात चांगला वेळ १३.५८ होता. जोडी लागली ती लॅन्सिंगच्या प्लँटमधून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांशी. त्यांची ओल्ड्समोबिल ४४२, स्वतः पहिल्यापासूनचे मालक. पहिली फेरी त्यांनी घेतली, पुढच्या दोन मी. तिसरीत त्यांच्या पुढे निघताना आरशात त्यांचे दिवे लहान होत गेले, आणि मी ओरडलो. मराठीत.

तक्रार त्यांनी केली नव्हती. तपासणीच्या चिठ्ठीत माझी गाडी निघाली. तपासनीसाने उजव्या बाजूचं व्हॉल्व्ह कव्हर काढायला सांगितलं. तेव्हा अकरा वर्षांची असलेली माझी मुलगी टॉर्च धरून उभी होती. त्याने चुंबकाचा स्टँड चिकटवला, गेजचं टोक व्हॉल्व्हच्या रिटेनरवर, म्हणजे स्प्रिंगच्या टोपीवर, टेकवलं, शून्य लावला, आणि मला म्हणाला, फिरव. मी लांब दांड्याने इंजिन हाताने फिरवायला लागलो. काट्याची एक फेरी म्हणजे शंभर थाऊ. बाबांच्या वर्कशॉपमध्ये सगळे थाऊच म्हणायचे, इंचाचा हजारावा भाग. चार फेऱ्या झाल्या की काटा साठाच्या आसपास थांबायला हवा. तो साठावर आला. सत्तरावर आला. दांडा माझ्याच हातात होता, मी थांबलो असतो तरी काही बदललं नसतं. नव्वदच्या पुढे जाऊन काटा टेकला, आणि मग मागे फिरला.

अडतीस थाऊ जास्त.

मुलीने विचारलं, “बाबा, जास्त म्हणजे चांगलं ना?”

तपासनीस काही बोलला नाही, नुसतं लिहिलं. बोललो मी. न विचारता. “मला माहीत नव्हतं. ज्याने इंजिन केलं त्याने परस्पर घातलं.” इंग्रजीत बोललो, पण मुलीला इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं येतं. आणि फोन आला त्या दिवशी ती शेजारच्या सीटवर बसलेली होती, फोन स्पीकरवर होता.

४४२वाले गृहस्थ आले. मला वाटलं, बोलतील. त्यांनी खिशातून फडकं काढलं, कव्हरची गॅस्केट सरकली होती ती बोटाने जागेवर बसवली आणि बोल्ट घट्ट करायला हात दिला. “होतं असं,” म्हणाले. मी त्यांना खरं सांगितलं नाही. आजही सांगितलेलं नाही, दर वर्षी भेटतात तरी. परतीच्या दोन तासांत गाडीत मुलगीही बोलली नाही. झोपली होती असं मी धरून चाललोय.

त्या हिवाळ्यात मापाचा कॅम घातला. गाडी परत साडेतेरावर आली.

तेव्हा तुम्ही ‘इंजिन बदल’ म्हणता ना, एकदा बदललं होतं. छान पळाली. तुम्हाला वाटतं मी हट्टाने हळू जातो, किंवा जुन्याचं वेड आहे. वेड असेलही. पण मोठं इंजिन टाकलेल्यांच्या वर्गात जाऊन उघडपणे जिंकता आलं असतंच की, तिथे कुणी गेज लावत नाही. तिथे का गेलो नाही, याचं उत्तर मला देता येत नाही. पश्चात्ताप म्हणावा, तर तो मोठा कॅम मी टाकून दिलेला नाही. वर्तमानपत्रात गुंडाळून फळीवर ठेवलाय, ग्रीस लावून, गंज चढू नये म्हणून. तो पुन्हा घालायचा नाही, तर गंजाची काळजी कशाला, हे मीही स्वतःला विचारतो.

आता दर मोसमाआधी बाबांचा गेज काढतो. यंदा मे महिन्यात दांडा मुलीने फिरवला, आकडा मी वाचला. मापापेक्षा दोन थाऊ जास्त आला. म्हटलं, गेज जुना आहे, स्टँड तिरका असेल. ती काही बोलली नाही. स्टँड उचलला, फडक्याने खालचं तेल पुसलं, पुन्हा चिकटवला, आणि दांडा माझ्या हातात देऊन स्वतः काट्यासमोर जाऊन बसली.