हात खिशात ठेवण्याची मजुरी

माझं वर्कशॉप गोव्यात, मांडवी नदीकाठच्या बेतीला, मालिमच्या मासळी जेट्टीपासून पाच मिनिटांवर. मूळचा मी वेंगुर्ल्याचा. बावीस वर्षं ट्रॉलरची इंजिनं खोलतोय आणि बसवतोय. ट्रॉलरवाल्याचा प्रश्न एकच असतो, किती वाजता चालू होईल? बर्फ विरघळत असतो, तांडेल, म्हणजे ट्रॉलरचा कप्तान, डोक्यावर उभा असतो. हाताला सवय त्याच वेगाची.

गेल्या जानेवारीत एका बाईंचा फोन आला. "दादा, शिडाची बोट आहे, ३६ फुटी. इंजिन तापून बंद पडलंय. एक अट आहे, ती आल्यावर सांगते."

अट म्हटल्यावर मला वाटलं, पैशांची असणार.

बोट नदीतच, फेरीबोटीच्या वाटेपासून बाजूला नांगरलेली होती. पोऱ्याला घेऊन होडीने गेलो. नवरा-बायको दोघंच. साहेब साठीचे, मोठ्या जहाजांवर इंजिनियर म्हणून निवृत्त झालेले, उजवा हात प्लास्टरमध्ये. ताई डोंबिवलीला कॉलेजात फिजिक्स शिकवायच्या. चार वर्षांपूर्वी फ्लॅट भाड्याने दिला आणि ही जुनी बोट घेतली. तेव्हापासून हेच घर.

झालेलं असं. कोचीहून गोवा साधारण ३५० सागरी मैल, त्यांच्या चालीने तीन दिवस. थंडीत आपल्या किनाऱ्याला पहाटे मतलई वारा असतो आणि दुपारनंतर वायव्येचा, म्हणजे उत्तरेला जाणाऱ्याच्या जवळजवळ तोंडावर. मधे वारा पडला की इंजिनाशिवाय इलाज नाही. कारवार मागे टाकल्यावर रात्री साहेबांचा तोल गेला आणि मनगट शिडाचे दोर ओढायच्या विंचवर आपटलं. दोन तासांनी तापमानाचा अलार्म वाजायला लागला. साहेब बाकावर आडवे पडून हुकूम सोडतायत आणि ताई टॉर्च दातात धरून जिन्याखाली, इंजिनाशी.

"त्या अर्ध्या तासात जेवढं भांडलो ना, तेवढं ३४ वर्षांत भांडलो नव्हतो," ताई म्हणाल्या.

शेवटी त्यांनी इंजिनावर झाकण ठेवलं, शीड वर केलं, दुसऱ्या दिवशी दुपारचा वारा आणि भरती येईपर्यंत वेळ बाहेर खोल पाण्यात काढला आणि एकटीने नदीच्या मुखाशी असलेल्या आग्वादवरून बोट आत आणून नांगर टाकला. हे त्यांनी एका वाक्यात सांगितलं. मला मालिमच्या पोरांकडून आधीच कळलं होतं, बंद इंजिनाने एक बाई बोट आत घेऊन आली म्हणून.

मग अट. "तुम्ही कशालाही हात लावायचा नाही. फक्त सांगायचं. करणार मी."

मी साहेबांकडे पाहिलं. ते डाव्या हाताने मटार सोलत होते.

"हे शिकवायला लागले की भांडण होतं. आणि फेब्रुवारीत आम्हाला सलालाला जायचंय, ओमानला. अकराशे मैलांच्या वर. नऊ-दहा दिवस. तिथे मधे तुम्ही येणार आहात का?"

यावर काय बोलणार. मी हात खिशात घातले.

कामाला सुरुवात केली. "आधी सीकॉक, म्हणजे समुद्राचं पाणी आत घेणारा नळ, बंद करा, नाहीतर समुद्र आत येईल. आता खाली फडकं अंथरा." "फडकं कशाला?" "पंपाच्या झाकणाचा स्क्रू खाली पडला तर बोटीच्या पोटात जाईल, मग दिवस गेला." त्यांनी वहीत लिहिलं: *फडकं*. खाली रेघ.

झाकण निघालं. आतलं रबरी इम्पेलर म्हणजे सहा पात्यांचं फूल, ते फिरून समुद्राचं पाणी ओढतं आणि त्या पाण्याने इंजिन थंड राहतं. तीन पाती गायब. पाणी गाळणारा स्ट्रेनर उघडला तर आत पिशवीचं पातळ प्लास्टिक गोळा झालेलं. पाणी बंद, पंप कोरडा फिरला, पाती तुटली. रोजचं प्रकरण. ट्रॉलरवर मी नवीन इम्पेलर टाकून वीस मिनिटांत होडीत बसलो असतो.

"तीन गेली कुठे?" ताईंनी विचारलं.

"पाण्याबरोबर एक्झॉस्टमधून बाहेर पडली असतील."

"असतील?"

मास्तरीणबाई त्या. मग पंपापासून पुढचा पाईप सोडायला लावला. क्लॅम्प गंजलेला, पाना सटकत होता. मी खिशात मुठी आवळून बसलेलो. पोऱ्या माझ्या कानाशी, "मिस्त्री, तू कर मरे बेगीन," म्हणजे तूच उरक की लवकर. वरून साहेब ओरडले, "अगं, उलटं फिरवतेयस!" ताई मान न वळवता म्हणाल्या, "तुम्ही कुकर बघा." पाऊण तास त्या एका क्लॅम्पवर गेला.

पाईपच्या बाकात पहिला तुकडा मिळाला. पुढे हीट एक्स्चेंजरचं, म्हणजे ते पाणी इंजिनाची उष्णता घेतं त्या भागाचं, टोपण काढलं. तिथे बारीक नळ्यांच्या तोंडाशी दुसरा आणि तिसरा. हिशेब जुळला. मी म्हटलं, चला, बंद करा. त्यांनी टॉर्च मारला, चिमटा आत घातला आणि अजून एक ओढून काढला.

चौथा. तीन तुटली होती आणि तुकडे चार. हा कडक, मिठाने पांढरा पडलेला, आधीच्या मालकाच्या काळातला. कोणीतरी माझ्यासारखाच मेकॅनिक "बाहेर पडलं असेल" म्हणून गेला होता.

ताईंनी चारही तुकडे ताटलीत मांडून वर साहेबांकडे सरकवले. चार वर्षं साहेब सांगत होते, हे इंजिन जरा गरमच चालतं, त्याचा स्वभावच तसा. त्यांनी तुकडे पाहिले आणि मटार सोलायला घेतले.

नवीन इम्पेलरला ग्लिसरीन लावून, पाती एका बाजूला वळवून ताईंनीच बसवलं. मग जेवणाचा आग्रह झाला. खिचडी झुलत्या शेगडीवर शिजलेली. बोट कलली तरी शेगडी सपाट राहते. कांदे जाळीत टांगलेले.

इथेच गोव्यात, दिवाडी बेटावर बांधलेल्या तारिणी या शिडाच्या बोटीतून २०१७ साली नौदलाच्या सहा जणी पृथ्वीप्रदक्षिणेला निघाल्या, २५४ दिवसांनी परतल्या. २०२४ साली त्याच बोटीतून दोघीच गेल्या. मला त्या बोटीची शिडंच तेवढी आठवतात. आत इंजिन असतं आणि कोणीतरी त्याखाली फडकं अंथरतं, हे मेकॅनिक असून माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मी विचारलं, चोवीस तास दोघंच, कंटाळा येत नाही?

"भेटतो कुठे?" साहेब म्हणाले. समुद्रात रात्री तीन-तीन तासांच्या पाळ्या, एक जागा तेव्हा दुसरा झोपलेला. गाठ पडते ती जेवणाला.

ताई म्हणाल्या, "जाग आली की मी आधी कान देते. वर विंच वाजला, खोकला ऐकू आला, की परत झोपते. एखाद्या रात्री काहीच ऐकू आलं नाही, तर हे इंजिन मला चालू करता आलं पाहिजे. मागे फिरून शोधायला." आणि साहेबांना लोणचं वाढलं.

इंजिन त्यांनीच चालू केलं. मी होडीत बसून बोटीच्या मागच्या बाजूला पाहत होतो. एक्झॉस्टमधून पाणी भसभस पडायला लागलं. वीस मिनिटांनी आतून ओरडल्या, "काटा इतका खाली कधीच नव्हता!" साहेब काही बोलले नाहीत. मजुरी द्यायला मात्र तेच पुढे आले, आणि मी सांगितली त्याहून जास्त दिली. "शिकवणीची," म्हणाले.

परतताना पोऱ्याने विचारलं, आज आपण काय केलं म्हणून पैसे घेतले?

त्याच रात्री मालिमला एका ट्रॉलरचा पंप उघडला. इम्पेलरची दोन पाती नव्हती. तांडेल म्हणाला, "नवीन टाक आणि सोड, दोन वाजता निघायचंय."

मी पोऱ्याला म्हटलं, "फडकं अंथर," आणि पुढचा पाईप सोडायला घेतला.